नदी भरावात

"गाडी जरा बाजूला घे," आप्पा म्हणाले.

बाजूला घ्यायला बाजू असावी लागते. इंग्लंडातल्या फेन्स नावाच्या या मुलखातल्या रस्त्यांना ती नसते. एका अंगाला बांध, दुसऱ्या अंगाला खोल चर, मधे डांबराची चिंचोळी पट्टी. तीही उंटाच्या पाठीसारखी वरखाली, कारण खालची जमीन जागोजागी कमीजास्त खचलेली. कशीबशी एका शेताच्या फाटकाशी गाडी लावली. आप्पा उतरले, मफलर घट्ट केला आणि बांधाकडे बघत राहिले. बांध आमच्या डोक्याहून उंच. त्याच्या माथ्यावरून एका बोटीचं हिरवं छप्पर सावकाश सरकत गेलं. बोट दिसत नव्हती, छप्पर तेवढं दिसत होतं.

"पलीकडे काय आहे?"

"नदी. लार्क म्हणतात."

"आणि शेतं?"

"ही काय, पायाशी."

त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं. "अगं, कालवा असतो भरावात. नदी कशी भरावात असेल?"

आप्पांची एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात गेली, त्यातली बहुतेक नीरा डाव्या कालव्यावर. त्यामुळे आमच्या घरी भराव हा शब्द भाकरी-आमटीइतका रोजचा. जमीन खोदून कालवा नेला की ती खोदाई, आणि दोन्ही बाजूंनी मातीचे बांध घालून जमिनीच्या वरून नेला की तो भराव. पावसाळ्यात आप्पांची झोप उडायची ती भरावापायी. कुठे खेकड्यांनी पोखरलं, कुठे बाभळीच्या मुळानं वाट केली, की रात्री दोनला दार वाजायचं. (खेकड्यांवरून पुढे आपल्याकडे जे विनोद झाले ते सोडा. बांधाला खेकडा लागतो हे खरं आहे. फक्त सगळंच त्याच्यावर ढकलू नये.) पण भरावात असतो तो माणसानं बांधलेला कालवा. नदी ही मुलखातल्या सगळ्यात खालच्या जागेवरून वाहते, हे कळायला पाटबंधारे खात्यात असावं लागत नाही.

इथे मात्र नदी वर आणि मुलूख खाली. मला इलीत राहायला येऊन चार वर्षं झाली होती आणि ही गोष्ट मी रोज केंब्रिजच्या गाडीतून बघत होते. बघत होते म्हणजे डोळ्यांसमोरून जात होती. आईला धाकटीच्या बाळंतपणामुळे येता आलं नाही, आप्पा एकटेच आले मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आणि मग मला ती दिसली.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याला वॉश नावाचं एक चौकोनी आखात आहे. विदम, वेलंड, नीन आणि ग्रेट ऊझ अशा चार नद्या त्याला मिळतात. या नद्यांच्या शेवटच्या टप्प्यातला सपाट मुलूख म्हणजे फेन्स. सुमारे ३,९०० चौरस किलोमीटर, गोव्याहून थोडा मोठा. लिंकनशर, केंब्रिजशर आणि नॉरफक या परगण्यांत तो वाटला गेलाय, थोडा सफकमध्येही. समुद्राकडची बाजू गाळाची, फिकट मातीची. आतली बाजू पीटची, काळीभोर. चारशे वर्षांपूर्वी या आतल्या भागात हिवाळाभर पाणी असायचं. लव्हाळे, बोरू, बदकं, वाम मासे, आणि मधूनमधून चिकणमातीच्या उंचवट्यांवर गावं. इली हा त्यातला मोठा उंचवटा, पण उंची जेमतेम २६ मीटर. आपल्याकडे याला कोणी टेकाडही म्हणणार नाही. इथे मात्र त्यावर उभं असलेलं कॅथीड्रल कोसांवरून दिसतं, आणि लोक त्याला फेन्सचं जहाज म्हणतात. हिवाळ्याच्या धुक्यात खालचं सगळं पुसलं जातं आणि वर नुसतं ते तरंगतं, तेव्हा हे नाव कोणालाही सुचेल.

इली या नावाचा संबंध आठव्या शतकातल्या बीड या संन्यासी इतिहासकारानं वाम माशांशी जोडला होता: ईलचा मुलूख म्हणून इली. वामांनी इथे मठांचा सारा भरला जायचा. आसपासच्या गावांची नावं बघा: रॅम्झी, थॉर्नी, व्हिटलसी, स्टंटनी. शेवटचं ते 'ई' म्हणजे जुन्या बोलीतलं बेट. बेटं गेली, पाणी गेलं, शेपूट राहिलं. आप्पांना हे सांगितल्यावर ते रस्त्यातली प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायला लागले. "मॅनिया. हेही बेटच की गं."

तर फाटकाशी उभे होतो. पुढचं शेत नुकतंच नांगरलेलं, काळंकुट्ट. आणि त्या काळ्यातून फिकट, करड्या मातीचा एक रुंद पट्टा वळसे घेत गेलेला. शेतापेक्षा बराच उंच. समोरच्या प्रिकविलो गावातली घरं त्याच पट्ट्याच्या वाटेवर होती.

हा पट्टा म्हणजे रॉडन. एके काळची नदी किंवा खाडी. हजारो वर्षांपूर्वी भरतीच्या पाण्यानं आपल्या पात्रात बारीक गाळ आणून टाकला. दोन्ही काठांना पाणवनस्पती मरत, अर्धवट कुजत आणि थरावर थर साचत राहिल्या, त्याचं पीट झालं. मग माणसांनी पाणी काढून टाकलं. पीट सुकून बसलं, गाळ काही बसला नाही. त्यामुळे जी नदी होती तिचा उंचवटा झाला आणि जे काठ होते ते खाली गेले. घर बांधायला भरवशाची जागा तेवढीच. ज्यांनी मोह आवरला नाही आणि काठावरून जरा काळ्या मातीत पाय टाकला, त्यांची घरं आज एका अंगाला कललेली दिसतात. खिडकीची चौकट एकीकडे, छपराची रेघ दुसरीकडे.

आप्पा एकदम खुलले. "म्हणजे पांढरीवर घरं आणि काळीत शेतं. इथंही तेच!"

शहरात वाढलेल्यांसाठी सांगते: आमच्याकडे गावाचे भाग दोनच. पिकाची जमीन ती काळी, आणि घरं असतात ती पांढरी. जुन्या वस्तीच्या टेकाडालाही पांढरीच म्हणतात. मी इतकी वर्षं त्या गाडीतून काळ्या रानातले फिके पट्टे बघितले होते. रॉडन हा शब्दही वाचला होता. पण आपल्याकडे त्याला अगदी बेतलेला शब्द तयार आहे, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

मग त्यांनी वाकून काळी माती उचलली. ही त्यांची जुनी खोड, कुठेही गेले तरी. मी वाट बघत होते तोंडावरच्या भावाची, कारण आपल्या काळ्या रानाची सवय असलेल्या हाताला ही माती फसवते. आपली काळी जड. ओली झाली की वहाणेला शेरभर चिकटते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही उचलली तर हातात काही आहे असं वाटेना. त्यांनी मूठ दाबली, उघडली. चहाचा वाळलेला चोथा असावा तशी ती मोकळी झाली आणि बोटांतून गळाली. तळहातावर एक तपकिरी काडी राहिली. त्यांनी ती नखानं सोलली. आत लव्हाळ्याच्या देठाच्या रेषा अजून होत्या.

"ही माती नाही," ते म्हणाले. "हे खत आहे. अर्धं कच्चं."

बरोबर ओळखलं होतं. पीट म्हणजे पाण्याखाली हवा न मिळाल्यानं कुजायची राहून गेलेली झाडं. लोक पूर्वी ही कापून, वाळवून, चुलीत घालत. जी माती जळते तिच्यावर शेती चाललीय. पाणी काढलं की आधी ती सुकून आवळते. मग तिला हवा लागते, आणि हजारो वर्षं खोळंबलेलं कुजण्याचं काम जिवाणू पुन्हा सुरू करतात. मातीतला कार्बन हवेत जातो. वसंतात पेरणीच्या सुमारास कोरडा वारा सुटला तर वरचा थर बियाण्यासकट उडतो. त्याला इथे फेन ब्लो म्हणतात. एका एप्रिलमध्ये मी दोरीवर वाळत घातलेल्या चादरी काळ्या झाल्या होत्या, आणि शेजारीण म्हणाली होती, ते कोणाचं तरी शेत आहे.

वर्षाला साधारण सेंटिमीटर, कुठे दोन. असा हा हिशेब.

तो सुरू कसा झाला, ते आप्पांना सांगायला मला दिवसभर लागलं, कारण ते दर वाक्याला प्रश्न विचारतात. १६३० साली बेडफर्डच्या चौथ्या अर्लनं दलदल कोरडी करायचं काम अंगावर घेतलं आणि त्याच्याबरोबर तेरा जणांनी पैसा घातला. यांना म्हणत ॲडव्हेंचरर्स. साहस त्यांचं पैशापुरतं. पाण्यात उतरायचं ते मजुरांनी. मोबदला ठरला ९५,००० एकर कोरडी जमीन. अभियंता आणला हॉलंडचा, कॉर्नेलियस व्हर्मायडेन. त्यानं पाहिलं की ग्रेट ऊझ एरिथपासून इलीमार्गे डेन्व्हरपर्यंत रमतगमत, वळणं घेत जाते. ढाळ नाही, त्यामुळे पाण्याला वेग नाही, त्यामुळे गाळ तळाशी बसतो. त्यानं एरिथपासून डेन्व्हरपर्यंत नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली आणि ती २१ मैलांची रेघ खणली. ही ओल्ड बेडफर्ड नदी, १६३७ मध्ये पुरी झाली. मधे यादवी युद्ध झालं. मग १६५१ मध्ये तिच्याच शेजारी दुसरी, रुंद रेघ: न्यू बेडफर्ड, जिला लोक हंड्रेड फूट म्हणतात. १६५० च्या डनबारच्या लढाईत पकडलेले स्कॉटिश कैदी त्या खोदाईवर होते. त्यांच्यामागून डच युद्धकैदी आले.

"आणि इथं आधी राहणारे?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. दलदलीत कोणी राहत नव्हतं असं नव्हे. मासे धरणारे, बदकं मारणारे, लव्हाळे कापून छपरं शाकारणारे, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की सामाईक कुरणावर गुरं सोडणारे. त्यांचं सगळं पोट पाण्यावर. पाणी गेल्यावर कुरण अर्लच्या नावावर. त्यांनी रात्री बांध फोडले, चर बुजवले, मजुरांवर चाल करून गेले. त्यांना फेन टायगर्स म्हणायची पद्धत पडली. आप्पा म्हणाले, "म्हणजे प्रकल्पग्रस्त." आपल्या धरणग्रस्तांची गावं बुडाली, यांची वाळली. दोघांच्याही सातबारावर दुसऱ्याचं नाव लागलं, असं म्हणून ते गप्प बसले. त्यांच्या नोकरीत पुनर्वसनाच्या काही फायली होत्या. त्याबद्दल ते घरी कधी बोलले नाहीत, तेव्हाही बोलले नाहीत.

व्हर्मायडेनचं गणित पाण्यापुरतं चुकलं नव्हतं. जमीनच खाली जाईल हे त्यात धरलं नव्हतं. पहिली काही वर्षं पाणी आपल्या ढाळानं चरांतून नद्यांत उतरलं, पीक जोरात आलं. आणि पीक जोरात आलं म्हणजेच माती सुकत होती. सतरावं शतक संपता संपता शेतं नद्यांच्या खाली गेली आणि पाणी वर चढवायची वेळ आली. मग पवनचक्क्या, शेकड्यांनी. वारा पडला की पाऊस यायचा असं काहीतरी त्यांचं नशीब. मग १८२० नंतर वाफेची इंजिनं, मग डिझेल, आता वीज.

इलीच्या दक्षिणेला स्ट्रेटममध्ये १८३१ सालचं एक वाफेचं इंजिन जपून ठेवलंय. मार्चमध्ये ते बंद होतं. विटांची उंच चिमणी बाहेरूनच बघितली. पण आदल्या उन्हाळ्यात मी आत जाऊन आले होते. इंजिनाच्या एका अंगाला पाणी उचलायचं चाक आहे, रहाटासारखं, लाकडी फळ्यांचं. फळ्या खालच्या चरातलं पाणी ढकलत वर नदीच्या पातळीला नेतात. हे चाक सुरुवातीला २९ फुटांचं होतं. पुढे ३३ फुटांचं करावं लागलं. १८९६ मध्ये ३७ फुटांचं. इंजिन तेच, चिमणी तीच. पाणी खाली जात होतं, म्हणून चाकाचे हात लांब होत गेले. आप्पांनी खिशातली डायरी काढून तीन आकडे एकाखाली एक लिहिले आणि बाजूला वजाबाकी केली. मला त्या चाकासमोर उभं राहून जे तासभर कळलं नव्हतं ते त्या डायरीच्या पानावर दोन ओळींत होतं.

दुपारी डेन्व्हरला गेलो. इथे सगळ्या वाटा एकत्र येतात. गोडी नदी, भरतीची नदी, पुरासाठी काढलेली वाट, आणि त्यांच्या मधे दरवाजे. पहिला दरवाजा व्हर्मायडेनचा, १६५१ चा. तो १७१३ मध्ये फुटला, आणि १७५० मध्ये पुन्हा बांधला गेला. समुद्र इथून दूर आहे, तरी वॉशमधली भरती दिवसातून दोनदा दरवाज्यापर्यंत येते. भरती असली की दार बंद, ओहोटी लागली की उघडायचं आणि वरचं पाणी सोडायचं. कालव्याच्या पाण्याची पाळी येते त्याला आपल्याकडे आवर्तन म्हणतात. ते कधी द्यायचं यावर कालवा समितीच्या बैठकीत खुर्च्या उचलल्या जातात. आप्पा बराच वेळ दरवाज्यांच्या साखळ्या, गिअर, पाणपातळीची पट्टी बघत होते. म्हणाले, "इथलं आवर्तन चंद्र देतो. त्याच्याकडे मोर्चा नेता येत नाही."

तिथेच आणखी एक गोष्ट त्यांना फार आवडली. १९४७ च्या मार्चमध्ये इथे मोठा पूर आला. हिवाळाभर साचलेलं बर्फ एकदम वितळलं, खालची जमीन गोठलेली, वरून पाऊस आणि वादळी वारा. बांध फुटले, हजारो एकर पाण्याखाली गेले. त्यानंतर डोंगराकडून येणारं पाणी फेन्समध्ये शिरण्याआधीच कडेकडेनं वळवून न्यायचा एक लांब कालवा काढायचं ठरलं. तो आणि पुराची जोडवाट मिळून सगळं काम १९६४ मध्ये पुरं झालं. कडेनं कालवा काढावा ही सूचना मुळात व्हर्मायडेनची, सतराव्या शतकातली.

"तीनशे वर्षं फाईल पडून?" आप्पांचा चेहरा उजळला. "आपलं खातं बरं म्हणायचं मग."

ओल्ड आणि न्यू बेडफर्ड या दोन रेघांच्या मधे साधारण अर्धा मैल रुंदीचं कुरण मुद्दाम सोडलेलं आहे. पुराचं पाणी त्यात घ्यायचं, ओहोटीला जागा मिळेपर्यंत धरून ठेवायचं, मग सोडायचं. उन्हाळ्यात तिथे गुरं चरतात, हिवाळ्यात तळं होतं. वेल्नी गावाजवळ एक रस्ता या कुरणातून आडवा जातो, आणि दर हिवाळ्यात पाण्याखाली जातो. आम्ही गेलो तेव्हाही तिथे रस्ता बंदची पाटी होती आणि डांबर सरळ पाण्यात उतरत गेलं होतं. पलीकडे पांढरे ठिपके. हूपर हंस आइसलँडहून येतात, ब्यूइकचे हंस रशियाच्या आर्क्टिक किनाऱ्याहून. दिवसा आसपासच्या शेतांत राहून गेलेले बीट आणि बटाटे खातात, संध्याकाळी पाण्यावर परततात. मार्चमध्ये त्यांची निघायची घाई असते. राजहंस बीटाच्या शेतात खरकटं वेचतोय हे दृश्य आपल्या कवींच्या पचनी पडणार नाही. नीरक्षीरविवेक वगैरे लांबच.

बीट, बटाटे, गहू, गाजर, कांदा, सेलरी. इंग्लंडमधल्या अव्वल प्रतीच्या शेतजमिनीतली जवळपास निम्मी या मुलखात आहे. माझ्या कोपऱ्यावरच्या दुकानातली भाजी बहुतेक इथलीच असते. ती काढायला हात लागतात, आणि ते हात कधी इथलेच, कधी बाहेरचे. एकोणिसाव्या शतकात बायका-मुलांच्या टोळ्या गावोगाव तण काढत फिरत. आठ वर्षांखालच्या मुलांना टोळीत घ्यायला बंदी करणारा कायदा १८६७ मध्ये आला, यावरून काय ते समजावं. आता विस्बीच आणि बॉस्टनच्या रस्त्यांवर लिथुआनियन आणि पोलिश किराणा दुकानं आहेत. माणसं पुरवणाऱ्याला इंग्रजी कायद्यातही गँगमास्टर असाच शब्द आहे. आप्पांना भाषांतर करून सांगायची गरज पडली नाही. "मुकादम," ते म्हणाले. २०१६ च्या सार्वमतात युरोपातून बाहेर पडायच्या बाजूनं देशात सगळ्यात जास्त, ७५ टक्क्यांच्या वर, मतं पडली ती याच बॉस्टनमध्ये. कोबी मात्र अजून हातानंच कापतात.

पूर्वी या पाण्यात आणखी एक पीक होतं, तापाचं. हिवतापाला इथे एग्यू म्हणत. थंडी वाजून येणं पाचवीला पुजलेलं, आणि त्यावर घरोघरी उपाय म्हणजे अंगणातल्या खसखशीच्या बोंडांचा काढा. पुढे दुकानातून अफूच्या गोळ्या. पोरांनाही देत. आप्पांच्या लहानपणी हिवताप खात्याची माणसं फवारणी करून भिंतीवर तारीख लिहून जात. ती त्यांच्या जुन्या घराच्या ओसरीवर अजून पुसट दिसते. इंग्लंडात मलेरिया होता हे त्यांना कितीतरी वेळ पटेना.

दुसऱ्या दिवशी होमला गेलो. पीटरबरोच्या दक्षिणेला, इलीहून तासाभराच्या वाटेवर. गावाचं नाव होम, उच्चार आपल्या होमहवनातल्यासारखाच. इथे व्हिटलसी मिअर नावाचा मोठा उथळ तलाव होता, दक्षिण इंग्लंडमधल्या सगळ्यात मोठ्यांपैकी. त्यावर उन्हाळ्यात शिडांच्या बोटींच्या शर्यती आणि हिवाळ्यात बर्फावरच्या स्केटिंगच्या. १८५१ साली तो उपसून टाकला. त्याच वर्षी लंडनच्या महाप्रदर्शनात ॲपोल्डचा केंद्रोत्सारी पंप मांडला होता. तसल्याच पंपानं तळ्याचा तळ मोकळा केला. चिखलात रॅम्झीच्या मठाचं चांदीचं धूपपात्र सापडलं, ते आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

जमीन खचणार हे एव्हाना जाणत्यांना माहीत होतं. म्हणून पीटच्या थरातून खालच्या चिकणमातीपर्यंत एक लोखंडी खांब रोवला. वरचं टोक जमिनीच्या पातळीला. हा खांब त्या महाप्रदर्शनाच्या काचमहालातलाच, असं सांगतात.

गाडी लावून बर्चच्या रानातून चालत गेलो. पायाखाली जमीन स्पंजासारखी, पाऊल टाकलं की किंचित दबते. जवळच लंडन–एडिंबराचा लोहमार्ग आहे. तो बांधताना या मऊ जमिनीवर फांद्यांच्या मोळ्या अंथरून रूळ टाकले होते. गाडी गेली की आवाज कानांआधी तळपायांना लागतो, असं मला दरवेळी वाटतं. मग झाडांमध्ये खांब दिसला. हिरवट, बारीक, वर टोपीसारखं टोक, आधाराला तारा. चार मीटर उंच.

आप्पा त्याच्या बुंध्याशी उभे राहिले आणि हात वर केला. हात साधारण सव्वादोन मीटरवर पोचला. त्याच्याही वर पावणेदोन मीटर खांब.

"टोकापर्यंत जमीन होती?"

"हो."

"म्हणजे आत्ता आपण जमिनीत आहोत."

ग्रेट ब्रिटनमधली ही सगळ्यात खालची जागा, समुद्रसपाटीच्या पावणेतीन मीटर खाली. खचणं बरंचसं पहिल्या काही दशकांतलं. पुढे वेग कमी झाला, थांबला नाही. त्यांनी वर बर्चच्या शेंड्यांकडे पाहिलं. मग डायरी काढली नाही. मला आश्चर्य वाटलं, कारण इथे लिहायला आकडा होता.

येताना मी त्यांना सांगितलं की होमचं हे रान आणि जवळचं वुडवॉल्टनचं रान जोडून मधली शेतं पुन्हा ओली करायचं काम २००१ पासून चाललंय. चर बुजवतात, पाणीपातळी वर आणतात. पीट भिजलं की कुजणं थांबतं, खचणं थांबतं, कार्बन जागच्या जागी राहतो. काही ठिकाणी ओल्या जमिनीतच घेता येतील अशा पिकांचे प्रयोगही सुरू आहेत. सगळीकडे असं करणं मात्र कोणाला परवडणारं नाही. मग भाजी कुठून आणणार, ती दुसऱ्या कोणाच्या तरी जमिनीतून येणार. मी दोन्ही बाजू सांगत होते आणि मनातून ओल्याच्या बाजूची होते, ते त्यांच्या लक्षात आलं असावं.

"आमच्याकडं उलटं," ते म्हणाले. "आम्ही पाणी दिलं, लोकांनी ऊस लावला, जास्त पाणी घेतलं, जमिनी खाऱ्या झाल्या. मग चर काढायची योजना. मी अर्धी नोकरी पाणी पोचवलं आणि उरलेली अर्धी ते काढायला माणसं लावली." थोड्या वेळानं म्हणाले, "शेतकऱ्याला खांब दाखवून उपयोग नाही. त्याला यंदाचं पीक दिसतं. मलाही तेच दिसलं असतं."

रॅम्झी सोडलं तेव्हा पाऊस सुरू झाला. इथला पाऊस, बारीक, आडवा, न संपणारा. काळी रानं आणखी काळी झाली. एका वळणावर चराच्या शेवटी विटांची एक खोली होती. तिच्यासमोर पाण्यात लोखंडी जाळी, काठावर उपसून टाकलेल्या शेवाळाचा ओला ढीग. पलीकडे भरावातली नदी. आप्पांनी पुन्हा थांबायला सांगितलं. मी म्हटलं, इथे बघण्यासारखं काही नाही, स्थानिक ड्रेनेज बोर्डाचा पंप आहे, आपोआप चालतो. पाणी ठरल्या खुणेवर आलं की सुरू, उतरलं की बंद. कोणी नसतं इथे. फेन्समध्ये असे शेकड्यांनी आहेत. आणि सेंट जर्मन्सला २०१० मध्ये बांधलेला एक मोठा आहे, तो सेकंदाला १०० घनमीटर पाणी उचलतो.

"साडेतीन हजार क्युसेक," ते लगेच म्हणाले. "उचलून?" आणि छत्री न घेताच उतरले.

मी काच खाली करून बसले. ते जाळीपाशी उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे. लहानपणी मी त्यांच्याबरोबर कालव्याच्या दरवाज्यापाशी जायचे तेव्हा ते असेच उभे राहायचे, पाण्याकडे न बघता, कान देऊन. पट्टीवरची पातळी किती होती ते गाडीतून दिसत नव्हतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मफलर भिजला. मी हॉर्न वाजवणार होते, तेवढ्यात विटांच्या खोलीत काहीतरी खट् झालं आणि घरघर सुरू झाली. जाळीपुढचं पाणी आधी थरथरलं, मग त्याच्यावरचा पालापाचोळा हळूहळू एका बाजूला ओढला जाऊ लागला. भरावाच्या पलीकडे कुठेतरी पाणी पडल्याचा आवाज आला.

ते परत आले, दार ओढून घेतलं, चष्मा पुसला.

"चालला," म्हणाले. "चल आता."